दुसरीचं गाणं

तोंडवलीच्या सुगंधाकाकीला बाहेरचे लोक ओळखत ते तिच्या हाताच्या चवीसाठी. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या, मागच्या पडवीत स्वयंपाक. पुण्याकोल्हापूरकडची माणसं यायची, तिच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं खाऊन खूश व्हायची आणि जाताना तिला मध्ये उभी करून फोटो काढायची. त्या कौतुकाचं तिला फारसं काही वाटत नसे. जेवण काय, सगळ्याच करतात. फुगडीची गाणी मात्र वाडीत एकटी तीच रचते, आणि तिचा खरा मान तोच.

ती लग्न होऊन आली ती भातशेतीच्या गावातून. समुद्र तिने तोवर दोनदाच पाहिला होता. सासरच्या बायका तिला बाजारातलं मासळीचं नाव विचारून हसत. पहिल्याच गणेशचतुर्थीला तिने आपल्याच अडाणीपणावर एक गाणं केलं, पेडवे समजून तारले घरी आणले त्याचं, आणि हसणाऱ्या बायकांनी ते तोंडपाठ केलं. तेव्हापासून दरवर्षी कुणाकडे फुगडी घालायची झाली की आधी सुगंधाला विचारायचं, हा रिवाजच पडला. पुढे कुणीतरी शाळामास्तर तिला म्हणाले, तुमच्यात कवयित्री आहे. ते तिच्या मनात घर करून बसलं. मग गाण्यांत सागर आला, किरणं आली, सुवर्ण आणि मंगल आलं. बायका मान डोलवून म्हणत, "किती बरे शब्द!" आणि गाताना गेल्या वर्षीचंच एखादं जुनं उचलत. हे तिच्या कधी लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

मग शेजारच्या दत्तप्रसादाचं लग्न झालं. हा पोरगा पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला न्यायचा. बायको केली आंबोलीची, आकांक्षा नावाची. तिच्या माहेरची रस्त्याला चहाची टपरी, घाटातली वर्दळ बघत वाढलेली पोर. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. दत्तप्रसादाची आई सुशीला ही सुगंधाची जुनी मैत्रीण, त्यामुळे सून घरच्यासारखीच ये-जा करू लागली. मे महिन्यात गर्दी असली की भाकऱ्या थापायला स्वतःहून येऊन बसायची. सुगंधाला ती आवडली होती. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते नावडतीच्या बाबतीत झालं असतं तर इतकं लागलं नसतं.

त्या वर्षी चतुर्थीत वाडीतल्या बाबलीच्या घरी फुगडी होती. सुगंधा नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन जरा उशिराच पोचली. अंगणातूनच तिला आतला दणका ऐकू आला. टाळ्या, पाय, आणि वीसेक बायकांचा एक आवाज:

"पावणे इले गो पावणे इले,
चार म्हणान धा इले!
सुरमय सरली, बांगडे तळले,
बांगडे सरले, घोव धावले!"

सुगंधा उंबऱ्यातच थांबून खळखळून हसली. हातातला डबा खाली ठेवून तिने टाळीसुद्धा धरली. फुगडी थांबली तेव्हा तिने घामाने निथळणाऱ्या किशोरीला विचारलं. किशोरी म्हणजे बायकांच्या गटाची म्होरकी, गाणं उचलायचं ते तिनेच.

"कोणाचा गो ह्या गाणा?"

"तुका म्हायत नाय? आमच्या आकांक्षाचा! कालच केल्यान."

सुगंधाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्यामागे काही उरलं नाही. पलीकडे आकांक्षा पदराने वारा घेत होती, आणि बायका तिच्या पाठीत थापट्या मारत होत्या. सुगंधा तिथे गेली, "बरा केलंस गो" म्हणाली, नेवऱ्या वाटल्या आणि डोकं दुखतं म्हणून लवकर निघाली.

घरी येईपर्यंत तिला आठवलं, आणि त्याने तर तिच्या अंगाची लाहीलाहीच झाली. चार सांगून दहा आले ते कुणाकडे? तिच्याकडे. मे महिन्यात चौघांचं जेवण सांगून दहाजण गाडीतून उतरले होते. सुरमई संपली, बांगडे काढले, तेही संपले, तेव्हा तिने नवऱ्याला, भाईला, मोटरसायकलवरून मासळीसाठी आचऱ्याला पिटाळलं होतं. आकांक्षा त्या दिवशी भाकऱ्या थापत होती. म्हणजे चूल सुगंधाची, पाहुणे सुगंधाचे, फजिती सुगंधाची, अगदी गाण्यातला घोवसुद्धा सुगंधाचा. आणि गाणं त्या पोरीचं. सगळं डोळ्यांसमोर घडलं तेव्हा आपण काय करत होतो? आपण मावळत्या सूर्याला यमक शोधत होतो.

भाई मोरीत पाय धूत गुणगुणत होता. बाबलीकडून तोही ऐकून आला होता.

"त्यात काय आसा गावण्यासारख्या?" सुगंधा म्हणाली. "इले, इले, तळले, धावले! यमक म्हणतत ह्याका?"

"पण तोंडातसून जाना नाय गो," भाई म्हणाला. "आणि माका घातल्यान त्यात."

त्याला गाण्यात घातल्याचा केवढा आनंद झाला होता! तीस वर्षांच्या संसारात सुगंधाने त्याला एकाही गाण्यात घातलं नव्हतं. ती ताट वाढून आत गेली.

चतुर्थी संपली की मालवणात एका मंडळाची फुगडीची स्पर्धा असते. वाडीचा गट त्या वर्षी पहिल्यांदाच उतरणार होता. किशोरी म्हणाली, काकीने एक गाणं करावं, आकांक्षाने ते पाहुण्यांचं पुरं करावं, आणि तालमीत जे बसेल ते घेऊ. सुगंधाने मनाशी ठरवलं की आता दाखवूनच देऊ. तिने असा जोर कधी लावला नव्हता. भांडी घासताना, नारळ खवताना, तोंडाने सारखं चालू. अखेर जमलं:

"सिंधुसागराच्या काठी शुभ्र फेनाची रांगोळी,
गौरीमायेच्या स्वागता उषा उधळी गुलाली."

तिला स्वतःलाच ते वाचून भरून आलं. आंबोलीच्या पोरीला असं सात जन्मांत जमायचं नाही, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची चव तिने दोन दिवस जिभेवर घोळवली.

तालीम देवळाच्या मांडवात होती. किशोरीने ओळ उचलली, बायका वाकल्या, गोल फिरू लागला. पहिली फेरी कशीबशी गेली. दुसऱ्या फेरीला चाल वाढली तशी 'सिंधुसागराच्या' म्हणेपर्यंतच निम्म्यांचा श्वास संपला. कुणी 'रांगोळी'वर पोचलेली, कुणी अजून 'फेना'त अडकलेली, टाळी एकीची इकडे तर दुसरीची तिकडे. गोल फिसकटला.

"काकी, गाणा बरा आसा," किशोरी धापा टाकत म्हणाली. "पण दम पुरना नाय. स्वागता म्हणासर पाय फुडे गेललो आसता."

"आणि उषा कोण गो?" शर्मिलाने विचारलं. शर्मिला बिचारी खरंच विचारत होती. तिला वाटलं, गटात कुणी नवीन आली. पण बायका हसल्या, आणि एकदा सुरू झालेलं हसू आवरेना. सुगंधाही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

मग 'पावणे इले' उचललं, आणि गोल आपोआप फिरला. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. सुगंधा खांबाला टेकून बघत होती. ती त्यात चूक शोधत होती, एक तरी. ओळ आखूड, शब्द रोजचे, प्रत्येक ओळीच्या शेवटी टाळी आणि पाऊल एकाच वेळी पडत होतं. चूक सापडली नाही म्हणून तिचा राग आणखी वाढला.

दोन दिवसांनी दुपारी आकांक्षा आली. सुगंधा अंगणात तुळशीपाशी बसून लसूण सोलत होती.

"काकी, एक इचारूचा होता. शेवटच्या कडव्यात अडाकलंय. पावण्यांका पिठी-भात वाढलो, हयसर इलंय. तेच्या आधीची ओळ दोन तऱ्हेन सुचता. खंयची बरी ता तुमीच सांगा. तुमका कळता."

आणि तिने म्हणून दाखवलं. एक:

"घोव इले हलयत हात,
पावण्यांका वाढलो पिठी-भात!"

आणि दुसरी ओळ: "घोव इले परतान घरात."

सुगंधाला ऐकताक्षणी कळलं. रिकाम्या हाताने, ते हात हलवत येणारा भाई तिला जसाच्या तसा दिसला. सुरमईच्या आशेने आलेले लोक आणि त्यांच्या पुढ्यात कुळथाची पिठी! पहिल्या ओळीवर सगळं सभागृह हसेल हे तिला दिसलं. दुसरी ओळ नुसती जागा भरणारी होती. इतकं स्वच्छ कळल्यावर ती म्हणाली,

"दुसरी बरी. पयली जरा हलकी वाटता. चार माणसांत घोवाची चेष्टा कशाक?"

आकांक्षाने मान हलवली. मग ती उठली, आणि तोंडाने पुटपुटत, मांडीवर थाप देत तुळशीभोवती फिरू लागली. एकदा एक ओळ म्हणून, एकदा दुसरी. सुगंधा लसूण सोलायची थांबली.

"नाय वो काकी," फिरता फिरताच आकांक्षा म्हणाली. "दुसऱ्येत पाय अडाकता. 'हलयत हात' म्हटलंय की हात आपसूक हलतत. पयलीच ठेवतंय. बरा झाला तुमका इचारलंय!"

आणि ती हसत कुंपणाच्या फाटकातून निघून गेली. तिला संशयसुद्धा आला नव्हता. सुगंधाने मुद्दाम तिला खड्ड्याकडे बोट दाखवलं होतं, आणि ती पोर नुसत्या पायांच्या भरवशावर खड्डा चुकवून गेली होती. सुगंधाला लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा जळफळाट मोठा होता. ही गाणं डोक्याने करत नाही, चालून करते, हे तिला आज दिसलं होतं. इतकी साधी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत आपल्याला कुणी सांगितली नाही.

त्याच दुपारी, भाई झोपलाय हे बघून, ती परसात गेली आणि सिंधुसागर म्हणत फणसाभोवती चालू लागली. तिसऱ्या पावलाला अडखळली. 'सिंधु' काढला. तरी ओळ लांबच. 'शुभ्र' काढला, फेस काय काळा असतो? उषा काढली, शर्मिलाच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडून. एकेक शब्द काढत गेली तेव्हा शेवटी हातात समुद्र आणि फेस एवढंच राहिलं, आणि तो तर सगळ्यांच्याच दारात होता. ती फणसाच्या मुळावर बसली. इतकी वर्षं आपण नुसते दागिने घडवत होतो, अंगावर घालायला माणूसच नव्हतं, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

स्पर्धेच्या दिवशी सुगंधा गेली. न जाणं सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं. नऊवारी नेसून ती गोलात मागच्या फळीत उभी राहिली. 'हलयत हात'ला सभागृह हसलं, अगदी तिने मनात पाहिलं होतं तसंच. भाई प्रेक्षकांत होता. आसपासच्यांना तो सांगत होता की गाण्यातला घोव मीच.

गटाचा दुसरा नंबर आला. बक्षीस देताना निवेदक म्हणाला, "उत्कृष्ट गीतरचनेचं विशेष बक्षीसही याच गटाला. आणि ही रचना आहे तोंडवलीच्या ज्येष्ठ गीतकार, सौ. सुगंधाताईंची!"

वाडीतल्या गाण्यांना वर्षानुवर्षं तिचंच नाव सांगायची सवय. कुणीतरी तेच सांगून ठेवलं असणार. टाळ्यांचा कडकडाट झाला. किशोरी गोंधळून इकडे तिकडे बघू लागली. आकांक्षा सुगंधाच्या बाजूलाच होती. तिचे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच हवेत राहिले. मग ती हलकेच म्हणाली, "जावा काकी."

सुगंधा पुढे गेली. इतक्या टाळ्या तिला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. एक क्षण तिला वाटलं, गप्प राहावं. चूल माझी, पाहुणे माझे, घोव माझा. थोडं गाणंही माझंच की. निवेदकाने माइक पुढे केला आणि विचारलं, "ताई, हे 'हलयत हात' सुचलं कसं?"

आणि तिथे ती अडकली. त्या ओळीला वाईट म्हणणारी ती स्वतः होती. त्या पोरीच्या ओळीबद्दल शाबासकी घ्यायची म्हणजे आपल्या सगळ्या गाण्यांहून ती ओळ चांगली हे इतक्या लोकांसमोर कबूल करायचं, आणि वर ती चोरायची. तिचा मत्सरच तिला ते घेऊ देईना.

"नमस्कार," ती म्हणाली, आणि पुढे तिची पुस्तकी मराठी सुटली. "ह्या गाणा माझा न्हय. आमच्या आकांक्षाचा. ती हय उभी आसा."

तिने आकांक्षाचा हात धरून तिला पुढे ओढलं. टाळ्या दुप्पट झाल्या. येताना टेम्पोत सुशीला तिच्याजवळ सरकून बसली आणि गहिवरून म्हणाली, "मन मोठा लागता गो तेका." सगळ्याजणी तेच म्हणाल्या. भाईने तर घरी येऊन "बरा केलंस" असं दोनदा म्हटलं. सुगंधाला वाटलं, एकदाचं ओरडून सांगावं की मन बिन काही मोठं नाही, मला ते गाणं माझं हवं होतं, दुसरीचं नको होतं. पण हे सांगणार कुणाला?

त्या हिवाळ्यात तिने गाणी केली नाहीत. म्हणजे कुणाला दाखवली नाहीत. पर्यटकांचा हंगाम होता, हाताला उसंत नव्हती. पण विहिरीवर जाताना, माडाला शिंपण करताना ती पावलावर शब्द ठेवून बघायची, आणि पाय अडला की शब्द टाकून द्यायची. पूर्वी तिला शब्द टाकणं जिवावर यायचं. आता त्यात एक सूड होता. कधी भाकरी थापताना हातांच्या ठेक्यावर ओळ बसायची, आणि भाकरी करपायची. आपलं काय आहे, काय खरंच आपलं आहे, हे ती शोधत होती. पाहुणे त्या पोरीने नेले. मासळी जुनी झाली. एक दिवस कुंपणापाशी उभी राहून दत्तप्रसादाच्या परसातले लगडलेले माड बघताना तिला नेहमीसारखा हेवा वाटला, आणि एकदम तिला कळलं की चतुर्थीपासून रात्रंदिवस आपल्यापाशी जे आहे ते हेच. दुसरं काहीच नाही. मग त्यालाच का सोडायचं?

पुढच्या चतुर्थीला फुगडी सुशीलाच्या घरी होती. दोन फुगड्या झाल्यावर सुगंधा किशोरीला म्हणाली, "जरा थांब. माका एक म्हणूचा आसा." आणि पदर खोचून ती स्वतः गोलात शिरली. पन्नाशीची बाई, आवाज जरा फाटका, पण ठेका पक्का:

"तिचो माड, माझो माड,
एका वाऱ्यार डुलता गो;
तिच्याक नारळ, तिच्याक शहाळी,
माझो नुस्तो हलता गो!"

दुसऱ्या वेळेला बायकांनी ओळ उचलली. तिसऱ्या वेळेला गोल फिरू लागला.

"तिची म्हस, माझी म्हस,
एका परड्यात चरता गो;
तिच्या म्हशीन भरली कळशी,
माझी शेपटी मारता गो!"

आता हसू फुटलं. प्रत्येकीला आपापली शेजारीण आठवत होती. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा टाळी धरून पुढे सरकल्या. सुगंधाने चाल वाढवली, आणि वाकता वाकता, कुणाकडेही न बघता, शेवटचं कडवं टाकलं:

"तिचा गाणा, माझा गाणा,
एका तोंडात वसता गो;
तिच्या गाण्याक गाव नाचता,
माझा कोनशाक बसता गो!"

एक फेरीभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, गावाला नाचवणारं गाणं आकांक्षाचं, आणि कोपऱ्यात बसलेलं सुगंधाचं. किशोरीने "अगो बाये!" म्हणून कपाळावर हात मारला, आणि सगळ्या खोलीत असा हशा उसळला की गणपतीपुढची समई विझते की काय असं वाटलं. बायका ते कडवं सोडेनात. पुन्हा पुन्हा तेच, गोल गरगरतोय, सुगंधा मध्ये लाल होऊन घामाने भिजलेली. इतके दिवस जे लपवून ती अर्धी झाली होती, ते आता वीस बायकांच्या तोंडी होतं, आणि त्यात तिला काही वाईट वाटत नव्हतं. उलट ऊर हलका झाला होता.

थांबल्यावर ती खांबाशी टेकली. आकांक्षा पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती हसत होती, सगळ्यांसारखीच हसली होती. पण तांब्या पुढे करताना तिने विचारलं,

"काकी, ह्या कधी केलास?"

"झाला असाच. माड शिंपताना."

"माका सांगूक नाय तुमी."

"तुका कशाक सांगू?"

"नाय, तसा न्हय..." आकांक्षा म्हणाली. "बरा आसा. ती म्हस तर... बरीच बरी आसा." एवढं बोलून ती तांब्या घेऊन आत गेली. जाता जाता तिचे ओठ हलत होते. 'शेपटी मारता गो' असं पुटपुटत होती, आणि कपाळाला आठी होती.

ती आठी सुगंधाने ओळखली. आरशात तिने ती वर्षभर पाहिली होती. तिला एकदम त्या पोरीबद्दल माया दाटून आली, आणि त्याच्या पाठोपाठ असा आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

ते गाणं त्या चतुर्थीत वाडीतल्या प्रत्येक घरी झालं. पलीकडच्या वाडीतल्या बायकाही ते शिकून गेल्या. स्पर्धेला किशोरीने तेच घेतलं, आणि या खेपेला नाव आधीच नीट सांगून ठेवलं. नंबर काही आला नाही. सुगंधाला त्याचं दुःख झालं नाही असं नाही, पण बाजारात मासळीवाली तिच्याकडे बघून "माझी शेपटी मारता गो" म्हणाली आणि दोन बांगडे वर टाकले, तेव्हा ते दुःख गेलं.

आकांक्षा पूर्वीसारखीच भाकऱ्या थापायला येते. दोघी एकमेकींना ओळी म्हणून दाखवत नाहीत. दाखवल्या तर अर्ध्याच. एकीचे ओठ हलायला लागले की दुसरी कान टवकारते. गेल्या आठवड्यात आकांक्षा परातीत पीठ मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. सुगंधा जवळ जाताच गप्प झाली आणि पीठ घट्ट झालं का म्हणून विचारू लागली. सुगंधाने पाण्याचा हबका दिला, मीठ बघितलं, आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं. पण भाई जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं,

"दत्तप्रसादाची बायल हल्ली काय गुणगुणता, तुमी आयकलास काय?"

"नाय बा," भाई म्हणाला. "कित्याक?"

"काय नाय. जेवा तुमी," ती म्हणाली, आणि भात वाढता वाढता पायाने जमिनीवर हलकेच ठेका धरला.